मोडेमला ऐकू येणारी खरखर: फोनच्या तारेतला गोंगाट कुठून येतो आणि कसा घालवायचा

अमेरिकेत एओएल कंपनीनं ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. ही बातमी वाचून सांगलीतल्या माझ्या एका भाचीनं विचारलं, "मामा, फोनच्या तारेतून इंटरनेट यायचंच कसं? आणि ते सारखं तुटायचं का?" तिचा जन्म मोबाइलच्या काळातला, त्यामुळे मोडेमची ती किरकिर, शीळ आणि मग खस्सकन येणारा आवाज तिनं ऐकलेलाच नाही. तुटायचं का, याचं उत्तर मात्र तिला फोनवर दोन वाक्यांत देता आलं नाही.

हे उत्तर अजून जुनं झालेलं नाही. आपल्या जिल्ह्यात अजूनही काही ठिकाणी ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरूनच येतं. तिथल्या लोकांना पाऊस लागला की तोच त्रास होतो जो डायल-अपवाल्यांना व्हायचा. कारणं तीच आहेत, आणि बरेचसे उपायही तेच.

तारेतून नेमकं जातं काय

आपल्या घरातल्या लँडलाइनपासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारा जातात. मध्ये खांबावरची किंवा भिंतीवरची डीपी, म्हणजे फोनच्या तारा जोडायची छोटी पेटी असते, पुढे रस्त्याच्या कडेचा पिलर, म्हणजे तसंच मोठं कपाट, आणि तिथून जमिनीखालची जाड केबल. एक्स्चेंज या दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब कायम ठेवतं. आपण बोलतो तेव्हा आवाजाप्रमाणे त्या तारांमधला प्रवाह किंचित कमी-जास्त होतो. पलीकडे पोचतो तो हा चढउतार.

ही सगळी व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. म्हणून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले सूर तिच्यातून नीट जातात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. कॉम्प्युटरला मात्र बोलायचे असतात शून्य आणि एक. मोडेम हा मधला दुभाषा. तो शून्य-एकांचे सूर करतो आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करतो. ती किरकिर म्हणजे दोन दुभाष्यांनी एकमेकांची ओळख करून घेत, लाइन किती चांगली आहे ते चाचपणं.

आपण पाठवलेल्या सुरांखेरीज तारेत जे काही मिसळतं, ते सगळं म्हणजे गोंगाट. मग ती खरखर असो, विजेची घरघर असो की शेजारच्या लाइनवरचं बोलणं.

हळदीचा तराजू

गोंगाटानं वेग का कमी होतो, हे समजायला सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा तराजू डोळ्यांपुढे आणा. काटा स्थिर असेल तर व्यापारी शंभर ग्रॅमचा फरकही सांगू शकतो. वारा सुटला आणि काटा अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे हलू लागला, तर किलोच्या खालचं काहीच खात्रीनं सांगता येत नाही. तराजू तोच, माल तोच. काटा हलल्यामुळे वाचता येणाऱ्या पायऱ्या कमी झाल्या.

मोडेमचं हेच आहे. तो सुराची उंची आणि वेळ बारीक बारीक पायऱ्यांनी बदलतो आणि प्रत्येक पायरीचा अर्थ ठरलेला असतो. पायऱ्या जितक्या जास्त, तितके एका ठोक्यात जास्त शून्य-एक जातात. गोंगाट म्हणजे हलणारा काटा. तो वाढला की शेजारशेजारच्या पायऱ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि मोडेमला मोठमोठ्या, म्हणजेच थोड्या पायऱ्यांवर भागवावं लागतं.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं १९४८ साली याचं सूत्रच मांडलं. फोनचा पट्टा ३१०० हर्ट्झ धरला आणि सुरांची ताकद गोंगाटाच्या हजारपट असली, तर सेकंदाला जास्तीत जास्त ३१,००० च्या आसपास बिट्स, म्हणजे शून्य-एक, जाऊ शकतात. ताकद शंभरपटच असेल तर साडेवीस हजार. दहापट असेल तर जेमतेम पावणेअकरा हजार. म्हणजे गोंगाट दहापट झाला की सुमारे दहा हजार बिट्स गेले. मोडेम कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही.

मग ५६ हजारांचा मोडेम आला कुठून? एक्स्चेंज डिजिटल झाली, त्यातून. तिथे आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून आकड्यांत बदलतात. १९९८ मध्ये ठरलेल्या व्ही.९० या पद्धतीत इंटरनेट कंपनीच्या टोकाकडून थेट आकडेच निघतात, दर मोजणीला ७ बिट्स, म्हणून ८००० गुणिले ७. आपल्याकडून वर जाताना मात्र आवाजाचे आकडे करावेच लागतात आणि त्या रूपांतराचाही थोडा गोंगाट असतो, त्यामुळे वर जाण्याचा वेग ३३,६०० वर अडतो. आणि खाली येणारा पूर्ण वेग मिळायला आपल्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार जवळजवळ निर्दोष हवी. ती तशी फार थोड्यांकडे होती.

"पण बोलणं तर स्वच्छ ऐकू येतं!"

ही हरकत मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे, आणि ती अगदी रास्त आहे. कान आणि मेंदू मिळून फार मोठं काम करतात. "उद्या सका... येतो" ऐकलं तरी आपल्याला "सकाळी" कळतं. वाक्यातला एखादा तुकडा गळाला हे आपल्या लक्षातही येत नाही.

मोडेमला असा अंदाज बांधता येत नाही. सेकंदाचा शंभरावा भाग टिकणारी एक 'टिक' घ्या. ३३,६०० च्या वेगाला तेवढ्या वेळात ३३६ बिट्स, म्हणजे ४२ अक्षरं निघून जातात. त्यांतलं एक जरी बिघडलं तरी तो सगळा तुकडा पुन्हा मागवावा लागतो. तुकडे पुन्हा पुन्हा मागवावे लागले की पान अर्ध्यावर थांबल्यासारखं वाटतं. टिकटिक फारच वाढली तर दोन्ही मोडेम काम थांबवून लाइन पुन्हा चाचपतात, आणि तरीही जमलं नाही तर फोन ठेवून देतात. बोलण्याला चालणारी लाइन आणि मोडेमला चालणारी लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन तारा का, आणि त्यांना पीळ का

एवढी लांब तार विजेच्या खांबांखालून, शेतीपंपांच्या ट्रान्सफॉर्मरशेजारून जाते, तरी बहुतेक वेळा त्या विजेची घरघर आपल्याला ऐकू येत नाही. कारण एक्स्चेंज आणि फोन दोघेही एका तारेचा दाब बघत नाहीत, दोन तारांमधला फरक बघतात.

एसटीच्या मागच्या सीटवर शेजारी बसलेले दोघे आठवा. खड्डा आला की दोघेही सारखेच उडतात. जमिनीवरून बघणाऱ्याला दोघे उसळलेले दिसतील, पण एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यापेक्षा किती वर आहे हा फरक तसाच राहतो. बाहेरून येणारा विजेचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच झाला, तर फरक बदलत नाही आणि घरघर आपोआप वजा होते. परिणाम सारखा व्हावा म्हणूनच तारा एकमेकींभोवती पिळतात. कधी ही बाहेर, कधी ती. या पिळाचं पेटंट खुद्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये घेतलं होतं.

समतोल ढळला की गणित बिघडतं. दोघांपैकी एकाच्याच सीटचा स्क्रू ढिला झाल्यासारखं ते असतं. एक तार ओल्या भिंतीला टेकली, एकाच तारेचा जोड खराब झाला, किंवा पीळ नसलेली चपटी वायर घरात वीस फूट फिरवली, की फरकात वीज शिरते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे फोनच्या पट्ट्याच्या खालची. पण ट्यूबचे चोक, पंख्यांचे रेग्युलेटर, चार्जर यांमुळे तिच्या ३५०, ४५०, ५५० अशा पटी तयार होतात, आणि त्या थेट बोलण्याच्या पट्ट्यात येऊन बसतात.

आधी कान लावा

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी हे करा. घरातला सर्वांत साधा, तारेचा फोन घ्या. कॉर्डलेस नको, त्याचा स्वतःचा आवाज असतो. बाहेरून तार जिथे प्रथम घरात येते त्या डबीला, म्हणजे रोझेटला, तो थेट जोडा आणि घरातलं बाकी सगळं वायरिंग त्या डबीपासून सोडवून ठेवा. रिसीव्हर उचला, २ किंवा ३ असा कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन थांबेल आणि काही सेकंद लाइन गप्प राहील. त्या शांततेत काय ऐकू येतं?

सतत, एकसुरी घरघर असेल तर समतोल ढळला आहे: कुठेतरी तार जमिनीला किंवा ओलीला टेकते आहे, किंवा विजेच्या वायरला चिकटून गेली आहे. तडतड, खरखर, मध्येच कमी-जास्त होणारी, ही ढिल्या किंवा गंजलेल्या जोडाची खूण. वाऱ्यानं तार हलली की वाढते. दुसऱ्याचं बोलणं पुसट ऐकू आलं तर केबलमध्ये दोन जोड्यांचं इन्सुलेशन खराब झालं आहे किंवा जोड्या फुटून जुळल्या आहेत, आणि ते काम एक्स्चेंजचंच. बारीक 'सूं' एवढंच असेल तर काळजी नको, ते थोडं प्रत्येक लाइनवर असतं.

आणि एक खास लक्षण आहे, ज्यानं अनेक जण चक्रावतात: फोनमध्ये रेडिओ ऐकू येणं. गंजलेला जोड हा वीज एका दिशेला सहज आणि दुसऱ्या दिशेला कष्टानं जाऊ देतो. जुन्या क्रिस्टल रेडिओत नेमकं हेच करणारा तुकडा बसवलेला असायचा. लांबच लांब तार ही अँटेना, गंजलेला जोड हा रेडिओ, आणि रिसीव्हर हा स्पीकर.

त्या पहिल्या डबीपाशी आवाज स्वच्छ आला, तर दोष घरात आहे. घरातली एकेक वायर, एकेक फोन परत जोडत जा आणि दर वेळी ऐका. ज्या जोडणीला खरखर परत येईल ती गुन्हेगार. इथेही खरखर असेल तर दोष बाहेर आहे, आणि मोडेमवर खर्च करून काहीही साधणार नाही. डीपी किंवा पिलर स्वतः उघडू नका. ती कंपनीची मालमत्ता आहे आणि घंटी वाजते तेव्हा त्या तारांवर चांगला झटका बसेल इतका दाब येतो.

पागोळ्यांखालचा जोड

माझ्या अनुभवात दहातले सात-आठ दोष जोडांत असतात. केबल बिचारी वर्षानुवर्षं टिकते. जोड मात्र हातानं पिळलेला, काळी टेप गुंडाळलेला, भिंतीवर उघडा. टेपचा चिकटपणा दोन उन्हाळ्यांत जातो, पहिल्या वळवात पाणी आत शिरतं, आणि चिंचेनं न घासलेल्या तांब्याच्या हंड्यावर चढतो तसा हिरवा थर तारेवर चढतो. तो थर वीज नीट वाहू देत नाही.

२००२ च्या पावसाळ्यात सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात हा प्रकार मी जवळून पाहिला. काका हळदीचे अडते, मुलगा पुण्याला, रोज रात्री ईमेल बघायची सवय. पावसात कनेक्शन तुटायचं, उघडीप पडली की लागायचं. काका म्हणायचे, "पाऊस थांबला की चालू होतंय. मग तक्रार तरी काय म्हणून करायची?" त्यांनी १९८ ला फोन करून तीनदा तक्रार नोंदवली होती. तिन्ही वेळा एक्स्चेंजमधून रिंग देऊन तपासलं गेलं आणि लाइन ठीक असल्याचं सांगितलं गेलं.

कुणी खोटं बोलत नव्हतं. जोडावरचा तो थर अगदी पातळ असतो. घंटीचा दाब आला की तो थर तात्पुरता फुटतो आणि वीज वाहू लागते. म्हणजे तपासण्यासाठी दिलेली रिंगच दोष थोडा वेळ बरा करत होती. थोड्या वेळानं थर पुन्हा जमायचा.

आम्ही वर सांगितल्याप्रमाणे डबीपाशी कान लावून तडतड ऐकली आणि लाइनमनना पावसाची रिपरिप असतानाच या अशी विनंती केली. ते आले, शिडी लावली. डीपीकडून येणारी तार जिथे वाड्याच्या भिंतीला लागत होती, बरोबर तिथेच, पागोळ्यांखाली जोड होता. टेप उलगडली तर आत हिरवी भुकटी. त्यांनी दोन्ही बाजूंची चार-चार बोटं तार कापून टाकली, आतलं चकचकीत तांबं लागेपर्यंत, आणि नवे जोड जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये दाबले. ती जेली पाण्याला आत येऊच देत नाही. मग जोड छपराच्या आत सरकवला आणि तारेला भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या वाकणावरून गळून पडेल. पूर्वी २४,००० च्या वर न जाणारं कनेक्शन त्या रात्री ४४,००० वर लागलं. सामानाचा खर्च चहाच्या खर्चापेक्षा फार नव्हता.

तक्रार करताना म्हणून "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "साध्या फोनवर, पहिल्या डबीपाशी, पावसात तडतड येते" असं सांगा. लाइनमनला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

घराच्या आतली कामं

रोझेट ते मोडेम ही वायर शक्य तितकी आखूड ठेवा, आणि पीळ असलेली वापरा. बाजारात मिळणारी चपटी एक्स्टेंशन वायर टेबलापुरती ठीक, आख्ख्या घराला नाही. विजेच्या वायरला समांतर बांधू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. उरलेली वायर वेटोळं करून चार्जरांच्या ढिगाऱ्यात ठेवणं ही फार घरांत दिसणारी चूक आहे.

पॅरलल फोन कमी करा. वापरात नसलेला माजघरातला फोन, जुना कॉलर आयडीचा डबा, कधीकाळी वरच्या मजल्यावर नेलेली आणि आता नुसती लोंबणारी वायर, हे सगळं लाइनीला टांगलेलं ओझं आहे. त्या लोंबत्या टोकावर आदळून सूर परत येतात आणि मूळ सुरांत मिसळतात.

विजेपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावला असेल तर तो काढून एकदा ऐकून बघा. एखाद्या मोठ्या कडकडाटात तो स्वतः मार खातो आणि पुढे हळूहळू गळू लागतो. घरघर तिथूनच येत असते. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडू लागलं की लाइनची वायर सरळ काढून ठेवणं हा सर्वांत खात्रीचा बचाव.

महागडा मोडेम किंवा फिल्टर घेऊन भागेल का?

मोडेमामोडेमांत फरक असतो, हे खरं. काही चिप गोंगाटात जास्त तग धरतात, आणि कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर सगळं काम टाकणारे स्वस्त मोडेम लवकर हात टेकतात. पण हिरवा पडलेला जोड कोणताही मोडेम दुरुस्त करत नाही.

फिल्टरबद्दलचा गैरसमज जास्त मोठा आहे. फिल्टर ही चाळणी आहे. रव्यातून खडे चाळता येतात, रव्याएवढी वाळू नाही. रेडिओ लहरी बोलण्याच्या पट्ट्यापेक्षा खूप वर असतात, त्या चाळता येतात. वायरीवर बसवायची फेराइटची कडीही त्यासाठी चांगली. तडतड आणि घरघर मात्र सुरांच्याच पट्ट्यात असतात. त्या काढायला गेलात तर सूरही जातील.

वेग कमी मागा

डायल-अपवर हा उपाय लोकांना उलटा वाटायचा, पण मी त्यानं बरेच वैतागलेले लोक शांत झालेले पाहिले. कनेक्शन लागताना स्क्रीनवर दिसणारा आकडा हा पहिल्या काही सेकंदांतला अंदाज असतो. त्या क्षणी लाइन शांत असेल तर मोडेम महत्त्वाकांक्षी वेग निवडतो, आणि पुढे दर मिनिटाला चुका, पुन्हा मागणी, पुन्हा चाचपणी. मोडेमला सुरुवातीपासूनच ३३,६०० किंवा २८,८०० च्या वर जाऊ नको असं सांगितलं, की पायऱ्या मोठ्या होतात, चुका कमी होतात, आणि फाइल प्रत्यक्षात आधी उतरते. मोडेमच्या सेटिंगमध्ये जादा आज्ञा लिहायची एक चौकट असते, तिथे हे सांगायचं. नेमकी आज्ञा चिपप्रमाणे बदलते आणि ती पुस्तिकेत असते. तिथेच एस१० नावाचं एक मूल्य असतं: सूर हरवल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा, ते. ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. सहसा ते दीड सेकंदाच्या आत असतं. ५० केलं तर मोडेम पाच सेकंद धीर धरतो. कॉल वेटिंगचा 'बीप' आला तरी मग कनेक्शन बऱ्याचदा वाचतं.

तांब्यावरच्या ब्रॉडबँडला यातलं काय लागू?

जवळजवळ सगळं. फरक पट्ट्याचा आहे. ब्रॉडबँडचे सूर बोलण्याच्या कितीतरी वर असतात. एडीएसएल २ प्लस या पद्धतीत ते सुमारे २२ लाख हर्ट्झपर्यंत जातात, आणि तो सगळा पट्टा ५१२ छोट्या कप्प्यांत वाटलेला असतो. प्रत्येक कप्पा म्हणजे जणू एक स्वतंत्र लहान मोडेम. जिथे गोंगाट कमी तिथे जास्त बिट्स, जास्त तिथे कमी. या लाइनवर फिल्टर मात्र हवाच: प्रत्येक फोनच्या आधी एक, नाहीतर फोन आणि ब्रॉडबँड एकमेकांत लुडबुडतात.

राउटरच्या पानावर दोन आकडे बघा. अटेन्युएशन म्हणजे तारेच्या लांबीमुळे आवाज किती क्षीण झाला. ६० डेसिबलच्या वर असेल तर लाइन फार लांब आहे, त्याला घरात इलाज नाही. एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटापासून हातात किती अंतर शिल्लक आहे; ते ६ च्या खाली गेलं की कनेक्शन तुटू लागतं, १० च्या वर असेल तर निर्धास्त. कोरड्या दिवशी आणि पावसात, दोन्ही वेळा ते लिहून ठेवा. पावसात ते धाडकन उतरत असेल तर जोड शोधा.

सांगलीकरांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं आपल्या आकाशवाणीचं मध्यम लहरींवरचं केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर. एक कप्पा ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचा, म्हणजे भागाकार केला तर ते बरोबर २९० व्या कप्प्यात येतं. ज्या घराची तार नीट पिळलेली आणि समतोल आहे, तिथे राउटरला ते जाणवतही नाही. जिथे जोड बिघडलेला आहे, तिथे कप्प्यांचा आलेख उघडून बघितला तर २९० च्या आसपासचे दोन-तीन कप्पे रिकामे दिसू शकतात. राउटरनं ते रेडिओसाठी सोडून दिलेले असतात.